कव्हर्चर

इंग्लंडच्या कॉमन लॉमधील, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडत गेलेल्या कायद्यातील, एक तत्त्व. लग्नानंतर नवरा-बायको कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती ठरत, आणि व्यवहारात ती व्यक्ती म्हणजे नवरा. कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टनने १७६५ मध्ये हे तत्त्व ग्रंथबद्ध केले. बायकोचे पैसे, दागिने, मजुरी नवऱ्याच्या मालकीची होई. तिच्या जमिनीचे उत्पन्नही तोच घेई. तिला स्वतःच्या नावाने करार वा दावा करता येत नसे आणि मुलांचा ताबा बापाकडे असे. श्रीमंत घराण्यांनी यातून पळवाट काढली होती : मुलीच्या नावाची मालमत्ता विश्वस्तांकडे सोपवायची, म्हणजे इक्विटी न्यायालय (कॉमन लॉच्या काटेकोर नियमांऐवजी न्यायबुद्धीने निर्णय देणारे वेगळे न्यायालय) त्या मालमत्तेचे रक्षण करी. वकिलाची फी न परवडणाऱ्या गिरणी-कामगार बाईला हा मार्ग नव्हता. संसदेला या प्रश्नाची घाई का नव्हती, याचे बरेचसे उत्तर इथेच मिळते.

कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेने १८३६ मध्ये नवऱ्याचे घर सोडले. नवऱ्याने तिन्ही मुलगे ताब्यात ठेवले आणि पंतप्रधान मेलबर्न यांच्याशी तिचे अनैतिक संबंध असल्याचा दावा लावला. दावा तो हरला, पण मुले तिला मिळाली नाहीत. तिच्या पुस्तकांची कमाईसुद्धा कायद्याने त्याचीच होती. तिने पत्रके लिहून केलेल्या प्रचारातून १८३९ चा कायदा आला. त्यानुसार सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी आईला अर्ज करता येऊ लागला. तो स्कॉटलंडला लागू नव्हता, आणि तिच्या नवऱ्याने मुले तिकडेच नेऊन ठेवली होती.

बार्बरा ली स्मिथने १८५४ मध्ये स्त्रियांविषयीचे कायदे सोप्या भाषेत सांगणारी पुस्तिका काढली. तिच्या पुढाकाराने १८५६ मध्ये संसदेकडे गेलेल्या अर्जांवर सुमारे २६,००० सह्या होत्या. पुढच्याच वर्षी घटस्फोट दिवाणी न्यायालयात आला, पण दुटप्पी मापाने : नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढेच कारण पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. १८७० च्या कायद्याने बाईची स्वतःची कमाई तिची झाली; १८८२ च्या कायद्याने सगळीच मालमत्ता. मतदानाच्या लढ्याला पुढे मोठी प्रसिद्धी मिळाली, तरी रोजच्या जगण्यात १८८२ चा बदल अधिक खोल गेला असे म्हणावे लागेल. त्यामागे एलिझाबेथ वोल्स्टनहोमसारख्या कार्यकर्त्यांची अनेक वर्षांची चिकाटी होती. मतदानाच्या लढ्यातील नेत्या मिलिसेंट फॉसेटची एक आठवण प्रसिद्ध आहे : तिची पर्स चोराने मारली, तर आरोपपत्रात ती पर्स नवऱ्याच्या, हेन्री फॉसेटच्या, मालकीची म्हणून नोंदली गेली.

बाईच्या देहावरील नवऱ्याचा हक्क मात्र सहजी सुटला नाही. नवऱ्याकडे नांदायला जाण्याचा न्यायालयाचा हुकूम मोडल्यास होणारी कैद इंग्लंडमध्ये १८८४ मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी मुंबईत दादाजी भिकाजीने रखमाबाईंवर नांदायला येण्यासाठी दावा लावला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई सासरी कधी गेल्याच नव्हत्या. असा दावा हिंदू कायद्यातला नाही, तो इंग्लंडहून आलेला आहे, असे सांगत न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्ये निकाल फिरला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. म्हणजे विलायतेत बंद झालेली शिक्षा तिच्याच न्यायाधीशांनी मुंबईत कायम ठेवली. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. टिळकांसह सनातनी पक्षाने निकालाची बाजू घेतली. १८८८ मध्ये दादाजीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या.

इंग्लंडमध्ये १८९१ च्या जॅक्सन खटल्यात अपील न्यायालयाने नवऱ्याला बायकोला कोंडून ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला. नांदवण्याचा दावा तिथे १९७० मध्ये कायद्यानेच संपवला. भारतात तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आला.