बाटली चिलमीशेजारी आली कशी

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. पेशवाईपासूनचे हे हौद, वर्षभर मातीखाली बुजवलेले. गेल्या वर्षी रहाडीत धप्पा, म्हणजे उडी, मारून आलेल्या आमच्या गल्लीतल्या एका पोराला संध्याकाळी दवाखान्यात न्यावं लागलं. सकाळी त्यानं भांगेची गोळी खाल्ली होती. तास झाला तरी काही चढेना, म्हणून मित्रांबरोबर तीन बिअर झाल्या. मग गच्चीवर कुणीतरी गांजा भरलेली सिगारेट फिरवली. दोन झुरके मारून तो उठायला गेला आणि जागीच कोसळला. चेहरा पांढराफटक, अंगाला दरदरून घाम, तळहात गार. मित्र त्याच्या तोंडात लिंबूपाणी ओतत होते. मी पेला काढून घेतला आणि त्याला कुशीवर वळवलं. पोरगा वाचला. पण दवाखान्यात त्याचे मित्र तासभर फक्त बिअरचंच सांगत राहिले.

ते तासभराचं गप्प बसणं माझ्या डोक्यातून जात नाही. दारू आणि गांजा आपल्याकडे आजचे नाहीत. मात्र दोन्हींचा विचार आपण नेहमी वेगवेगळाच करत आलो, आणि ती सवय फार जुनी आहे.

नाशिक जिल्ह्यात दोन्हींची ठिकाणं निराळी होती. चिलीम धुनीजवळची. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकला उतरतात, वैष्णव नाशकात, तपोवनाकडे. नीलपर्वतावर साधूंच्या घोळक्यात चिलमीचा धूर पाहिला नाही असा त्र्यंबककर सापडणं कठीण. दारूची वाट दुसरी. पेठ, सुरगाणा, हरसूलच्या पाड्यांवर मोहाची, शहराच्या कडेला हातभट्टीची. लग्नकार्यातली, देवकार्यातली किंवा दिवसभराच्या मजुरीनंतरची. भांग महाशिवरात्रीची आणि शिमग्याची. प्रत्येक नशेला आपला दिवस आणि आपली माणसं होती. त्या काळी कुणाचं नुकसान झालं नाही असं मी म्हणत नाही. हातभट्टीनं उद्ध्वस्त केलेली घरं मी स्वतः पाहिली आहेत.

इंग्रज सरकारनं दोन्हींवर कर बसवला. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यात दारूही आली आणि गांजाही. विलायतेत गांजावरून ओरड झाल्यावर 1893 मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीसाठी हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, त्यांच्यासह सात सदस्य, त्यांतले तीन हिंदी. 1,193 साक्षी नोंदवल्या गेल्या. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदीही तपासल्या, आणि अनेक रुग्णांच्या नावापुढे पुरेशी चौकशी न करताच 'गांजामुळे वेड' असं लिहिल्याचं आढळलं. बेताच्या सेवनानं फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, असा निष्कर्ष 1894 मध्ये आला. बंदी घातली तर लोक दारूकडे किंवा धोत्र्यासारख्या विषारी गोष्टींकडे वळतील, हे त्यामागचं एक कारण होतं. म्हणजे हे किंवा ते. आज गांजाची बाजू घेणारे हा अहवाल पुढे करतात. पण एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात गांजा घेतलेल्या माणसाला तो लागू कसा करायचा?

पुढे दोन्हींचे रस्ते फुटले. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं मुंबई राज्यात बंदी आली. ती पुढे सैल झाली, तरी बारच्या पाटीवरचं 'परमिट रूम' अजून तेव्हाचंच आहे. कागदोपत्री आजही पिणाऱ्याकडे परवाना लागतो. गांजाचं उलटं झालं. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानं गांजा बंद करायला 25 वर्षांची मुदत दिली, आणि 1985 मध्ये अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला. गांजा आणि चरस बेकायदा ठरले. शेंड्यांशिवायची नुसती पानं मात्र गांजाच्या व्याख्येत बसली नाहीत, म्हणून भांग सुटली. दारू उत्पादन शुल्क खात्याकडे, गांजा पोलिसांकडे. एक उजेडात गेली, दुसरा अंधारात.

नाशकात तो उजेड जरा जास्तच पडला. 2000 साली इथल्या द्राक्षांची सुला कंपनीची पहिली वाईन आली, 2001 मध्ये राज्याचं वाईन धोरण आलं. वाईनमुळे पोरं गांजा ओढायला लागली, असला आरोप मी करणार नाही. पण पिणं उघड आणि ऐटीचं झालं, आणि त्याच वयाच्या मुलांच्या हातात 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' म्हणत गांजाही आला. धरणाच्या कडेला शनिवारी रात्री दोन्ही एकाच चादरीवर असतात. 2023 मध्ये शिंदे गावातला एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेचा, कारखाना उघडकीला आल्यापासून सगळ्यांचं लक्ष एमडीकडे लागलं आहे. ते लागायलाच हवं, पण ही चादर त्यात नजरेआड झाली.

शरीरात काय होतं ते उशिरा कळत गेलं. गांजातला मुख्य घटक टीएचसी 1964 मध्ये इस्रायलमध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा केला गेला. मेंदू स्वतः तयार करतो त्या तशाच एका द्रव्याला 1992 मध्ये 'आनंद' या संस्कृत शब्दावरून आनंदामाइड हे नाव मिळालं. दारू आणि गांजा एकत्र घेतल्यावर काय होतं याचे प्रयोग 1970 च्या दशकापासून होत आले. 2001 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं की दारू पिऊन गांजा ओढला तर रक्तात टीएचसी जास्त चढतं. 2015 मध्ये आयोवा विद्यापीठाच्या वाहन-सिम्युलेटरवरच्या अभ्यासातही तेच आढळलं, शिवाय गाडी लेनमध्ये डावी-उजवीकडे झुलण्याचं प्रमाण दोन्हींनी मिळून वाढलं. नेहमीचा माणूस नेहमीइतकाच ओढतो, आणि त्याला दुपटीनं चढल्यासारखं वाटतं ते यामुळे.

आमच्या गल्लीतल्या पोराचं गणितही यातूनच सुटतं. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, पण खाल्लेल्या भांगेला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. चढत नाही म्हणून प्यायलेली बिअर आणि उशिरा चढलेली भांग एकाच वेळी भेटल्या. दारूनं रक्तवाहिन्या सैलावतात, गांजानं नाडी धावते, आणि उभं राहताना रक्तदाब एकदम खाली येतो. गांजानं मळमळ दबते, त्यामुळे जादा दारू उलटून पडत नाही. प्रमाण बाहेर गेलं की उलटीही होते, आणि शुद्ध हरपलेला माणूस उताणा असेल तर ती श्वासनलिकेत जाते.

रस्त्यावरचा धोका याहून छुपा आहे. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. कलम 185 मध्ये दारूखेरीज इतर अमली पदार्थांचा अंमलही येतो, पण नाकाबंदीतलं फुंकायचं यंत्र फक्त दारूच ओळखतं. थोडीशी बिअर आणि दोन झुरके घेतलेला पोरगा फुंकतो, आकडा मर्यादेखाली येतो, आणि तो गंगापूर रोडनं पुढे निघून जातो.

त्या संध्याकाळी शेवटी सगळ्यांत धाकटा माझ्याजवळ आला. "काका, सकाळी भांग पण होती. आणि वर गांजा." मी त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कुणालाही फोन केला नाही. केसपेपरवर बिअरच्या खाली दोन ओळी वाढवल्या, सलाईन चालू ठेवली आणि नर्सला दर पंधरा मिनिटांनी श्वास बघायला सांगितलं.