इमिग्रेशनची लांब रांग टाळायची असेल तर: एफटीआय-टीटीपीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

मुंबईहून परदेशी जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. त्यामुळे रात्री दहा-अकराच्या सुमाराला टर्मिनल 2 वर जी गर्दी उसळते ती सगळी एकाच वेळी इमिग्रेशनच्या काउंटरसमोर येऊन उभी राहते. लंडनचे, दुबईचे, न्यूयॉर्कचे, सगळे एकाच नागमोडी रांगेत. त्या रांगेच्या एका बाजूला काचेची ई-गेट्स दिसतात आणि तिथून एखादा माणूस बॅग ओढत सरळ पलीकडे जातो. तो कुणी व्हीआयपी नसतो, त्याने आधी एक फॉर्म भरलेला असतो, बस.

त्या योजनेचं नाव फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम, थोडक्यात एफटीआय-टीटीपी. केंद्रीय गृह मंत्रालयाची ही योजना 22 जून 2024 रोजी दिल्लीच्या टर्मिनल 3 वर सुरू झाली. 16 जानेवारी 2025 रोजी मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद ही सात विमानतळं जोडली गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये लखनौ, तिरुअनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोळिकोड आणि अमृतसर आली. या तेरा नावांत पुणे, नागपूर किंवा गोवा नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या माणसाला याचा उपयोग मुख्यतः मुंबईत. नोंदणी मात्र एकदाच करायची, ती यादीतल्या सगळ्या विमानतळांवर चालते. यादी वाढत असते, निघण्याआधी पोर्टलवर बघून घ्या.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण दर दुसरा माणूस हेच विचारतो: "माझ्याकडे डिजीयात्रा आहे, मग हे कशाला?" डिजीयात्रा देशांतर्गत प्रवासासाठी आहे. विमानतळात शिरताना आणि सिक्युरिटीला तुमचा चेहरा बघून आत सोडतात, तेवढंच तिचं काम. पासपोर्ट, इमिग्रेशन यांच्याशी तिचा संबंध नाही. एफटीआय-टीटीपी फक्त इमिग्रेशनसाठी आहे. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा.

पात्रता सोपी आहे. भारतीय पासपोर्ट असलेले नागरिक आणि ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेले पण मूळचे भारतीय, अर्ज करू शकतात. अर्ज करताना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. फी नाही. हे दोनदा सांगतो, फी नाही. कुणी एजंट "सरकारी शुल्क" म्हणून हजार-पाचशे मागत असेल तर तो स्वतःचा चहापाणी मागतोय एवढं समजा.

सदस्यत्व पाच वर्षं चालतं, किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल ते. इथेच बरेच जण फसतात. तुमचा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपत असेल आणि तुम्ही आज अर्ज केलात, तर पडताळणी, बोटांचे ठसे, हे सगळं सोपस्कार करून हाती वर्षभराचं सदस्यत्व येईल. मुदत संपायला वर्ष उरलं की पासपोर्टचं नूतनीकरण करता येतं. मग आधी ते उरका, नवा नंबर हातात येऊ द्या आणि नंतर इकडे या. ओसीआयवाल्यांनाही हाच हिशोब. एडिसन किंवा सॅन होजेत राहणाऱ्या भाच्याचा अमेरिकन पासपोर्ट बदलला असेल तर आधी ओसीआयच्या पोर्टलवर नवा पासपोर्ट चढवायचा राहिला आहे का ते बघा.

कागदपत्रं फार नाहीत. पासपोर्टसाठी काढतो तसा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा अलीकडचा फोटो, पासपोर्टचं फोटोचं पहिलं पान आणि आईवडिलांची नावं व पत्ता असलेलं शेवटचं पान, आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा. ओसीआय असेल तर त्या कार्डाची प्रतही. सगळं स्कॅन करून चढवायचं. मोबाइलने फोटो काढणार असाल तर पासपोर्ट खिडकीपाशी सपाट ठेवा आणि फ्लॅश बंद करा. लॅमिनेशनवर फ्लॅश चमकला की नंबरातला एखादा आकडा हमखास पुसट येतो.

पत्त्याबद्दल थोडं. आपल्याकडे पासपोर्टवर कराडचा किंवा चिपळूणचा पत्ता आणि माणूस दहा वर्षं पिंपरीत, हे अगदी घरोघरी असतं. फॉर्म विचारतो तो सध्याचा पत्ता. जिथे खरोखर राहता तोच लिहा आणि त्याचाच पुरावा जोडा. गावचा पत्ता लिहून "दोन्ही जुळतं की" म्हणून सोडून देऊ नका. दिलेल्या माहितीची पडताळणी होते, चुकीची माहिती दिली किंवा काही लपवलं तर अर्ज नाकारला जातो.

नावाचा घोळ मात्र खास मराठी आहे. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तिहेरी लिहितो. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात असतं. लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं, आणि तिकीट काढणाऱ्या नवऱ्याने तिसरंच काहीतरी टाकलेलं. फॉर्म भरताना आधार, पॅन, बँक सगळं बाजूला ठेवा आणि पासपोर्ट समोर उघडा. त्यावर जसं छापलंय तसंच, स्पेलिंगसकट, त्याच रकान्यात. तिकीटही त्याच नावाने असू द्या, कारण गेटवर बोर्डिंग पास आणि पासपोर्ट दोन्ही वाचले जातात.

अर्ज ऑनलाइनच करायचा. पत्ता: एफटीआयटीटीपी डॉट एमएचए डॉट जीओव्ही डॉट इन. मोबाइल आणि इमेलवर ओटीपी येतो. इथे स्वतःचाच नंबर द्या. वडिलांचा अर्ज भरताना मुलगा सवयीने आपला नंबर टाकतो, आणि पुढचे सगळे मेसेज त्याच्या फोनवर जाऊन पडून राहतात. अर्ज गेला की पडताळणी सुरू होते. तिला वेळ लागतो. तिकीट हातात आल्यावर, सुटायला आठवडा असताना अर्ज करून काही उपयोग नाही. निदान दीड-दोन महिने हाताशी ठेवा.

पडताळणी झाली की कळवतात, आणि मग राहतात बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो. हे काम नेमलेल्या विमानतळावरच्या काउंटरवर होतं, किंवा विदेशी नागरिक प्रादेशिक नोंदणी कार्यालयात, ज्याला सगळे एफआरआरओ म्हणतात. मुंबईचं एफआरआरओ दक्षिण मुंबईत आहे. नाशिक-कोल्हापूरच्या माणसाने तेवढ्यासाठी मुंबईला खेप घालावी असं मला वाटत नाही, पुढच्या प्रवासाला जाताना विमानतळावर काम उरकणं सोयीचं. फक्त त्या दिवशी तासभर जास्त हातात ठेवा.

तो तास का लागतो ते मी आईच्या वेळी पाहिलं. आई सहासष्ट वर्षांची. डाव्या हाताचे ठसे लगेच आले. उजवा अंगठा यंत्र घेईना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, जरा दाबून ठेवा, हलवू नका." तीनदा झालं. मग तिने ओला टिश्यू दिला, बोट पुसून कोरडं केलं, पुन्हा लावलं. आई तिला समजावत होती, "भाकऱ्या थापून थापून गेले गं ते." पाचव्यांदा यंत्राने हिरवा दिवा दाखवला. घरातल्या ज्येष्ठांना आधारच्या वेळी ठशांचा त्रास झाला असेल तर इथेही होणार असं धरून चला. आदल्या दोन-तीन दिवसांत हाताला तेल किंवा व्हॅसलीन लावून कातडी मऊ ठेवावी आणि त्या दिवशी मात्र हात स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. मेंदी तर नकोच.

प्रत्यक्ष गेटवर काम सरळ आहे. चेक-इन नेहमीसारखं, तिथे व्हिसा वगैरे विमान कंपनी बघतेच. मग ई-गेटपाशी बोर्डिंग पास स्कॅन करायचा, पासपोर्ट ठेवायचा, चेहरा आणि ठसे जुळले की गेट आपोआप उघडतं. तेच तुमचं इमिग्रेशन. पासपोर्टचं प्लास्टिकचं कव्हर आधीच काढून ठेवा, नाहीतर तिथे उभं राहून ते ओढत बसावं लागतं. टोपी, गॉगलही काढा. गेट उघडलं नाही तर घाबरायचं कारण नाही, नेहमीच्या काउंटरवर जायचं. पासपोर्टवर येण्या-जाण्याचा शिक्का मिळेलच या भरवशावर राहू नका. एनआरआय मंडळींना आयकरासाठी भारतातले दिवस मोजावे लागतात, त्यांनी बोर्डिंग पास जपून ठेवावेत.

वाचते ती फक्त इमिग्रेशनची रांग. सिक्युरिटीची आणि बॅगा देण्याची रांग जशीच्या तशी. चेक-इन काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, काही कंपन्यांचा त्याहूनही आधी. म्हणून सदस्यत्व मिळालं तरी तीन तास आधी पोचायचा नेम मोडू नका. आणि तारीख नीट वाचा. 15 तारखेला रात्री दीडचं विमान म्हणजे 14 च्या रात्री घरातून निघायचं. हे लिहिताना हसू येतं, पण 15 च्या रात्री बॅगा घेऊन आलेलं कुटुंब मी पाहिलंय.

येताना याचा फायदा जास्त जाणवतो, विशेषतः ज्यांना मुंबईत उतरून पुढे नागपूर किंवा गोव्याचं विमान धरायचंय त्यांना. परदेशातून आलात की भारतातल्या पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं. बॅग पट्ट्यावरून घ्यायची, कस्टम्समधून बाहेर काढायची आणि पुन्हा द्यायची. पुढचं विमान टर्मिनल 1 वरून असेल तर सहारहून सांताक्रूझला जावं लागतं. दिवसा मेट्रो 3 सोयीची, दोन्ही टर्मिनलला तिची स्थानकं आहेत, मध्ये फक्त सहार रोड हे एक स्थानक. रात्री उशिरा मेट्रो नसते, तेव्हा टॅक्सीच.

पाच वर्षांतून एकदा थायलंडला जाणाऱ्याने हा खटाटोप नाही केला तरी चालेल. व्हीलचेअर घेणाऱ्या आजी-आजोबांना सोबतचा माणूस बहुधा वेगळ्या काउंटरवरून नेतो, त्यांनाही याची फारशी गरज नाही. पण नातवंडांसाठी दरवर्षी अमेरिकेला जाणारे, आखातात नोकरी करणारे, महिन्याला सिंगापूरच्या खेपा घालणारे, यांनी आज रात्री जेवण झालं की पासपोर्ट काढून पहिलं आणि शेवटचं पान स्कॅन करून ठेवावं.