निसर्गदृश्य छायाचित्रण (डिजिटल): एक्सपोजर व संपादन

दृश्य टिपताना सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) किती प्रकाश पडू द्यायचा, म्हणजे एक्सपोजर, आणि त्या नोंदीतून पुढे संगणकावर चित्र कसे उभे करायचे, या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. सेन्सरचा स्वभाव ठरलेला असतो. आभाळ एकदा पांढरेफटक जळाले की त्यातून काहीच परत मिळत नाही. सावलीतला तपशील मात्र बराचसा वर काढता येतो, फक्त त्यासोबत नॉइज (दाणेदार ठिपके) येतो. म्हणून एक्सपोजर आभाळ बघून ठरवायचे आणि जमीन संपादनात उजळायची, ही सर्वसाधारण रीत.

पुण्याभोवतीच्या डोंगरांत ही ओढाताण जास्त जाणवते. कातळ काळ्या बेसाल्टचा, पावसात भिजला की आणखी काळा, आणि त्याच्यामागे मावळतीचे लख्ख आभाळ. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सगळे सरासरी मध्यम राखाडी धरून चालतो. सिंहगडावरून (उंची सुमारे १,३०० मी.) संध्याकाळी राजगड-तोरण्याच्या दिशेने चित्र घेताना चौकटीचा मोठा भाग कड्याने व्यापला असेल, तर मीटर एक्सपोजर वाढवतो आणि आभाळ जळते, तिथे उणे १ ते २ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) द्यावे लागतात. जुलैत त्याच गडावर धुके भरले की नेमके उलटे होते: मीटर धुक्याला मळकट राखाडी करून टाकतो, मग अधिक १ स्टॉप.

चित्र रॉमध्येच (सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद) घ्यावे. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तितके छिद्र लहान) एफ/८ ते एफ/११. एफ/१६च्या पुढे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळे चित्र किंचित मऊ पडते. हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख; उजवीकडे सर्वांत उजळ भाग) उजव्या भिंतीजवळ न्यावा, पण टेकू देऊ नये. तो तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहावा: सूर्यास्ताला लाल रंग आधी जळतो आणि एकत्रित आलेखात ते लपून राहते. कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असल्याने रॉमध्ये सहसा थोडी जागा उरते, पण तिच्या भरवशावर राहू नये.

दृश्यातल्या उजेड-अंधाराचा आवाका सेन्सरला झेपत नसेल तर ब्रॅकेटिंग करतात, वेगवेगळ्या एक्सपोजरची चित्रे घेऊन ती नंतर जोडतात: १/६०, १/१५ आणि १/४ सेकंद, म्हणजे दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन चित्रे. बदलायचा तो शटर. अ‍ॅपर्चर बदलले तर फोकसची खोली बदलते आणि चित्रे एकमेकांवर बसत नाहीत. ट्रायपॉड आणि २ सेकंदांचा टायमर लागतोच. घात करतो तो वारा. माथ्यावरचे गवत तिन्ही चित्रांत वेगळ्या जागी असते आणि जोडकामात त्याची भुते दिसतात. अशा वेळी पुढच्या गवताचा भाग एकाच चित्रातून घ्यावा.

खडकवासल्याच्या पाण्यावर आणखी एक पेच असतो. पाण्यातले प्रतिबिंब आभाळापेक्षा साधारण एक-दोन स्टॉप अंधारे असते. आभाळ दाबणारा ग्रॅज्युएटेड फिल्टर जास्त गडद घेतला, किंवा संपादनात पाणी फार उजळले, तर प्रतिबिंब आभाळाहून उजळ होते. कारण सांगता आले नाही तरी पाहणाऱ्याला चित्र खोटे वाटते.

संपादनात आधी लेन्सचे दोष आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसेल असा रंगांचा तोल), मग एकूण उजेड, नंतर हायलाइट (उजळ भाग) खाली आणि शॅडो (सावल्या) वर. शॅडो तीन स्टॉपपेक्षा जास्त ओढल्या तर कातळात रंगीत ठिपके उठतात. डोंगराच्या कडेने उजळ पट्टा दिसला, तर आभाळाचा मास्क (फक्त तेवढ्याच भागावर बदल करण्यासाठीची निवड) कडेला नीट बसलेला नाही असे समजावे. पावसाळी हिरवा डोळ्यांना खुपेल इतका पिवळट येतो; त्याची छटा किंचित निळ्याकडे सरकवून सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) उतरवावे. सर्वांत जास्त गैरवापर होतो तो डीहेझचा, म्हणजे धूसरपणा काढणाऱ्या स्लायडरचा. डिसेंबर-जानेवारीत वेताळ टेकडीवरून पहाटे शहरावर धूर-धुक्याचा थर दिसतो, तोच पुसून टाकला तर उरतात नुसत्या इमारती. एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगांची खोलीही धूसरपणामुळेच असते. हा स्लायडर १०-१५च्या पुढे नेऊ नये, आणि तोही शक्यतो फक्त पुढच्या रांगेवर वापरावा.

शार्पनिंग (कडा धारदार करणे) शेवटी, चित्र हव्या त्या आकाराचे केल्यावर. काम १६ बिटमध्येच करावे; ८ बिटच्या जेपेगवर आभाळ ओढले की सलग निळाईत पट्टे पडतात. मोबाइलवर किंवा वेबवर द्यायची प्रत एसआरजीबीमध्ये (वेबवर सर्वत्र चालणारी रंगप्रणाली) काढावी, नाहीतर काही पडद्यांवर रंग फिके दिसतात.