रात्री घशाशी येतं, झोप उडते आणि मग जळजळ अजूनच वाढते

रात्री दीड-दोनला अचानक जाग येते, छातीच्या मधोमध जळत असतं, तोंडात आंबट पाणी आलेलं असतं. मग उठून बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि डोळा लागायची वाट बघायची. बरेच जण याला नुसती अ‍ॅसिडिटी म्हणतात आणि झोपेचा प्रॉब्लेम वेगळा समजतात, पण दोन्ही एकमेकांत अडकलेले असतात.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं, झडपेसारखं काम करणारं, ते नको तेव्हा सैल पडलं की अ‍ॅसिड वर चढतं. दिवसाही चढतं, अगदी धडधाकट माणसालाही जेवणानंतर थोडंफार होतंच, पण तेव्हा आपण सरळ असतो, सारखी लाळ गिळत असतो आणि लाळेतलं बायकार्बोनेट उरलंसुरलं अ‍ॅसिड शमवतं. गाढ झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणंही थांबतं, म्हणून वर आलेलं अ‍ॅसिड तिथेच कितीतरी वेळ साचून राहतं. त्यात जेवणाशी संबंध नसलेलं अ‍ॅसिड सगळ्यात जास्त सुटतं ते रात्री 10 ते 2 च्या सुमारास.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. झोप अपुरी झाली की अन्ननलिका जास्त हळवी होते, म्हणजे तेवढंच अ‍ॅसिड, पण जळजळ लवकर आणि जास्त जाणवते, हे प्रयोगांत दिसलंय. म्हणून एक रात्र वाईट गेली की दुसरी अजून वाईट जाते.

करायचं काय? डाव्या कुशीवर झोपा, तेव्हा जठर खाली आणि अन्ननलिकेचं तोंड वर राहतं, उजव्या कुशीवर नेमकं उलटं. उशांवर उशा रचू नका हो, त्याने नुसती मान वाकते, पोट दुमडतं आणि दाब वाढतो, त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15-20 सेंटीमीटरचे ठोकळे लावा म्हणजे अख्खं धड उतारावर येतं. रात्रीचं जेवण झोपायच्या 3 तास आधी उरका. झोप यावी म्हणून दारू पिणाऱ्यांनी तर ती आधी बंद करावी, त्याने झडप सैल पडते आणि झोपही तुटक लागते. झोपेची गोळी मनाने घेऊ नका, कारण जाग येणं हा शरीराचा बचाव आहे, जागे झालो की आपण गिळतो आणि अ‍ॅसिड खाली जातं.

ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोलसारख्या अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात, झोपताना घेऊन बरेच जण म्हणतात गुण येत नाही. गिळताना अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, शौच काळं होत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि छातीतल्या दुखण्यासोबत घाम, धाप किंवा हात-जबड्यात कळ असेल तर ती अ‍ॅसिडिटी समजून थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.