नव्या प्रवाळांचा डिप

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात नवा प्रवाळ सोडण्यापूर्वी तो वेगळ्या भांड्यातल्या औषधी द्रावणात साधारण ५ ते १५ मिनिटे बुडवून त्याच्यावरचे उपद्रवी जीव पाडण्याची पद्धत. पुण्यातली हौशी मंडळी याला ‘डिप देणे’ म्हणतात. मूळ वसाहतीपासून तोडून छोट्या चकतीवर चिकटवलेला तुकडा म्हणजे फ्रॅग. बहुतेक प्रवाळ याच रूपात एका घरातून दुसऱ्या घरात जातात, आणि त्यांच्या बुडाशी दडलेले जीवही सोबत जातात.

अडचण अशी, की डिपने जे मारायचे आणि टँकमध्ये जे जपायचे ते एकाच गोत्रातले असतात. अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या कडक प्रवाळावरचा ‘लाल किडा’ हा कोपेपॉड, म्हणजे कवचधारी. क्लीनर कोळंबी आणि हर्मिट क्रॅबही कवचधारीच. झोआंथिड हे प्रवाळांचे मऊ नातलग खाणारी समुद्री गोगलगाय आणि काचेवरचे शेवाळ साफ करणारा टर्बो शंख हे दोघेही मृदुकाय. एकाला मारणारे औषध दुसऱ्याला ओळखून सोडत नाही. त्यामुळे ‘अपृष्ठवंशी जीवांना सुरक्षित’ असे लेबल शोधत बसण्यापेक्षा डिपचे पाणी टँकमध्ये एक थेंबही जाणार नाही, अशी मांडणी करणे जास्त मोलाचे आहे. डिपनंतर दगावलेल्या कोळंबीचे कारण शोधले तर पुष्कळदा ते अपुऱ्या खळबळण्यात सापडते.

पुण्यात ही चूक होण्यामागे एक साधे कारण आहे. समुद्र दीडशे किलोमीटर लांब, त्यामुळे खारे पाणी घरीच करावे लागते: आरओ-डीआय (क्षार काढून टाकणाऱ्या) यंत्रातून गाळलेले पाणी, त्यात सिंथेटिक मीठ, आणि दर हजारी ३५ इतकी क्षारता येईपर्यंत ढवळणे. असे पाणी फुकट येत नाही, म्हणून खळबळताना हात आखडतो. यावर सोपा तोडगा म्हणजे टँकचे पाणी बदलायच्या दिवशीच डिप द्यायचा. काढलेले जुने पाणी एरवी मोरीत जाते. तेच डिपला आणि खळबळायला वापरले की क्षारता आणि तापमान आपोआप जुळते आणि काटकसरही करावी लागत नाही. शहरात पाण्याची बंदी आणि विजेची देखभाल-दुरुस्ती पुष्कळदा गुरुवारी असते. तो वार टाळलेला बरा.

उपद्रवी जीव : अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा कृमी (प्रोस्थिओस्टोमम अ‍ॅक्रोपोरी) सर्वांत घातक मानला जातो. खाल्लेल्या ऊतीतले सहजीवी शैवाल त्याच्या अंगात उतरत असल्याने तो प्रवाळाच्याच रंगाचा दिसतो. फांदीवर फिकट गोल चट्टे दिसू लागले की त्याचा संशय घ्यावा. अंडी तो जिवंत ऊतीवर घालत नाही. बुडाशी उघड्या पडलेल्या सांगाड्यावर अंड्यांचे तपकिरी पुंजके असतात. लाल किडा (टेगास्टीस अ‍ॅक्रोपोरॅनस) अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा, भिंगाशिवाय पिवळट-तांबड्या ठिपक्यासारखा भासतो. माँटिपोरा हा कडक प्रवाळ खाणारी गोगलगाय पांढरी असते आणि तुकड्याच्या खालच्या बाजूला राहते. झोआंथिडवरची गोगलगाय तर पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांना आपण खाल्लेल्या पॉलिपचाच (वसाहतीतल्या एकेका जीवाचाच) रंग आणते. बंद पॉलिपांमध्ये ती बसली असेल तर सरावलेली नजरही फसते. तिची पांढरट, चिकट अंडी गुंडाळीसारखी पॉलिपच्या देठाला किंवा चकतीच्या खाली चिकटलेली आढळतात. याशिवाय झोआंथिड खाणारे सनडायल शंख आणि समुद्री कोळीही असतात.

द्रावणे : पुण्यात सर्वांत सहज मिळते ते पोव्हिडोन आयोडीन. औषधांच्या दुकानात ते ५ आणि १० टक्क्यांत मिळते. १० टक्क्यांच्या द्रावणात उपलब्ध आयोडीन फक्त १ टक्का असते. घ्यायचे ते साधे सोल्युशन. शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्याच्या ७.५ टक्क्यांच्या स्क्रबमध्ये साबणासारखे फेसकारक असते, तर गुळण्यांच्या २ टक्क्यांच्या बाटलीत पुदिन्याचा अर्क. या दोन्ही बाटल्या प्रवाळाच्या आसपासही नकोत. आयोडीन जिवाणू आणि जखमांसाठी उत्तम, कृमींवर मध्यम आणि लाल किड्यावर जवळजवळ निरुपयोगी. फ्रेंच वैद्य झाँ ल्यूगोल याने १८२९ मध्ये तयार केलेले ल्यूगोलचे आयोडीनही याच कामी येते, मात्र ते बरेच तीव्र असते.

पोटॅशियम क्लोराइडचा मार्ग वेगळा आहे. पाण्यात पोटॅशियम एकदम वाढले की स्नायूंच्या पेशींवरचा विद्युतभार कोलमडतो, कृमी आणि गोगलगायी आकसतात व त्यांची पकड सुटते. बरेच जीव मरत नाहीत, फक्त पडतात. म्हणून भांड्यात पाणी खेळते ठेवणे इथे फारच गरजेचे. प्रवाळांसाठी तयार मिळणारी वनस्पतिजन्य तेलांची द्रावणेही चालतात. कोणत्याही द्रावणाची मात्रा लेबलप्रमाणेच घ्यावी, आणि पहिल्या वेळी खालच्या मर्यादेपासून सुरुवात करावी.

कीटकनाशकांचा डिप मात्र पुण्यात करू नये, असे स्पष्ट सांगावेसे वाटते. अमेरिकेतील हौशींनी रूढ केलेल्या बागेच्या औषधात इमिडाक्लोप्रिडचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असते. आपल्याकडे शेती-औषधांच्या दुकानात मिळणारे इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के असते आणि त्यातली इतर विद्रावकेही वेगळी असतात. तिकडची मात्रा इकडच्या बाटलीतून मोजली तर प्रवाळ वाचणे कठीण. शिवाय हे रसायन संधिपादांच्या चेतासंस्थेवर इतक्या अल्प प्रमाणात काम करते, की नीट न खळबळलेल्या फ्रॅगवरचा अवशेषही कोळंबीला भारी पडू शकतो. माशांच्या रोगांवर वापरले जाणारे तांब्याचे औषधही वर्ज्य. ते प्रवाळ आणि इतर अपृष्ठवंशी जीव दोघांनाही विषारी आहे. लाल किड्यावर कुत्र्यांच्या जंताच्या गोळीतले मिल्बेमायसिन ऑक्झिम लागू पडते, पण टँकमध्ये टाकल्यास ते खेकडे आणि कोळंब्याही मारते. द्यायचेच तर पशुवैद्याला विचारून आणि वेगळ्या भांड्यात.

कृती : पिशवी आल्यावर प्रथम तापमान जुळवून घ्यावे. पुण्यात थंडीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. दोन लिटरचे भांडे तेव्हा पाहता पाहता गार होते आणि प्रवाळाला औषधापेक्षा गारठ्याचाच धक्का बसतो. भांडे कोमट पाण्याच्या मोठ्या टबात ठेवावे आणि २५ ते २६ अंश टिकवावेत. उन्हाळ्यात याच्या उलट काळजी.

भांडे पांढरे हवे. श्रीखंडाचा रिकामा, नीट धुतलेला डबा यासाठी उत्तम, कारण तळाशी काय पडले ते लगेच दिसते. औषध घालण्यापूर्वी फ्रॅग साध्या खाऱ्या पाण्यात धरून पिपेटने फवारे मारावेत आणि चांगले पाहुणे बाहेर काढावेत: छोटे ब्रिटल स्टार (तारामाशांचे नातलग), निरुपद्रवी शंख, आणि पोसिलोपोरा या प्रवाळाच्या फांद्यांत राहणारे ट्रॅपेझिया खेकडे. ट्रॅपेझिया प्रवाळाचा श्लेष्म खातो आणि त्याच्यावर चालून येणाऱ्या तारामाशालाही चिमटे काढून पिटाळतो. त्याला डिपमध्ये मारणे म्हणजे राखणदारच घालवणे. खेकडे, कोळंबी, शंख यांना औषधाचा स्पर्श न होता वेगळ्या डब्यात ठेवून निरखावे.

मग औषध. पूर्ण वेळ पिपेटने सर्व बाजूंनी, विशेषतः खालून, फवारे मारत राहावे. चपटा कृमी सुटतो तेव्हा तळाशी पातळ, पारदर्शक लंबगोल तुकडा वाकताना दिसतो. तो प्रवाळाचा श्लेष्म समजून सोडून देऊ नये, भिंगाखाली पाहावा. वेळ संपल्यावर एकापाठोपाठ किमान तीन स्वच्छ भांड्यांत खळबळावे. पिपेट, चिमटा आणि हातमोजेही डिपचे आणि टँकचे वेगळे ठेवावेत.

झोआंथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांतल्या पॅलिथोआ जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असू शकते. चकती खरवडताना पाणी डोळ्यांत उडू देऊ नये, आणि झोआंथिड चिकटलेला दगड कधीही उकळू नये.

डिपने काय होत नाही : अंडी मरत नाहीत. चपट्या कृमीची अंडी टँकच्या तापमानाला साधारण तीन आठवड्यांत फुटतात, म्हणून एका डिपवर विसंबणे व्यर्थ. जुनी चकती तोडून टाकावी, उघडा सांगाडा कापावा किंवा खरवडावा, आणि तुकडा जेल सुपरग्लूने नव्या चकतीवर लावावा. त्यानंतर दर सात-आठ दिवसांनी डिप देत दीड-दोन महिने वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये ठेवावे. वर्मेटिड हा नळीत राहणारा शंख नळीचे दार लावून घेतो. एप्टेशिया हे समुद्रफूल आकसते आणि उरलेल्या ऊतीच्या कणातून पुन्हा उगवते. दोन्ही हातानेच काढावे लागतात. प्रयोगांत मात्र असे आढळले आहे, की लिस्माटा व्हिटाटा ही कोळंबी चपट्या कृमीची अंडी आणि सिक्सलाइन रॅस हा मासा कृमी खातो. डिप जिला मारतो तीच कोळंबी डिपचे उरलेले काम करू शकते.

समुद्रफुले, शिंपले, फेदर डस्टर (नळीत राहणारे कृमी) आणि स्पंज यांना यातला कोणताही डिप देऊ नये. झेनिया हा मऊ प्रवाळ आयोडीनला हळवा असतो. नुकताच कापलेला तुकडा जखम मिटेपर्यंत थांबवावा.

प्रवाळ कुठून आला हेही पाहावे लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व कडक प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. पुणेकर सुट्टीत ज्या मालवणला जातात तिथला किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. स्नॉर्केलिंग करताना तिथून प्रवाळाचा तुकडा उचलणे गुन्हा आहे. परदेशातून येणारे कडक प्रवाळ साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात आणि त्यांना परवाना लागतो. शेवटी उरते ते डिपचे वापरलेले पाणी. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारे अँटिक्लोरचे थेंब बहुतेकांकडे असतात. त्यातले सोडियम थायोसल्फेट वापरलेल्या आयोडीनच्या पाण्याचा तपकिरी रंग क्षणात घालवते. रंग गेला की आयोडीनचे निरुपद्रवी आयोडाइड झालेले असते, आणि मगच ते पाणी मोरीत ओतावे, कारण मोरीची वाट शेवटी मुळा-मुठेकडेच जाते.