गिरणगावातली खोली आणि रोगराई

१९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त बाळे वर्षाच्या आत दगावली. म्युनिसिपालिटीच्या दफ्तरातला हा आकडा पहिल्यांदा वाचताना छपाईची चूक वाटते. घराच्या आकारानुसार केलेली त्याची फोड पाहिली तर तो आणखी अंगावर येतो. एका खोलीत, किंवा खोलीच्या तुकड्यात, राहणाऱ्या कुटुंबांत हजारी आठशेच्या वर; चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत दीडशेच्या आत. हा आकडा जसाच्या तसा खरा धरता येत नाही, तो का फुगला ते पुढे येईलच. पण शहराचे आरोग्य खोलीच्या मापाने मोजायची वेळ आली होती, हे त्यातून दिसते, आणि १८९६ च्या प्लेगपासून मोजले तर ती वेळ यायला पंचवीस वर्षे लागली होती.

भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी. म्युनिसिपालिटीच्या भाषेत ई, एफ आणि जी वॉर्ड, लोकांच्या भाषेत गिरणगाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भोवती चाळी. चाळ बांधणाऱ्याचा हिशेब सरळ होता: कमी जागेत जास्त गाळे. पाणी मात्र आधी आले आणि गटारे मागाहून. १८६० साली विहार, १८७९ साली तुळशी, १८९२ साली तानसा अशा तलावांचे पाणी शहरात येत गेले, पण ते वापरून झाल्यावर जायचे कुठे, याची सोय निम्म्या शहरात नव्हती. ते जमिनीत मुरले, जोत्यांना ओल धरली. दोन चाळींच्या मधल्या बोळाला घरगल्ली म्हणत. मोऱ्यांचे सांडपाणी तिथेच, संडासांच्या टोपल्या तिथेच, आणि त्या उचलणारा हलालखोर दिवसभरात केव्हातरी येणार. वरच्या मजल्यावरची खिडकी याच गल्लीत उघडायची, म्हणून ती बहुधा बंदच असायची.

परळलाच गव्हर्नरचा बंगला होता, हे आज सांगावे लागते. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथे पटकीने वारल्या. गिरण्यांचा धूर तर होताच. थोड्याच वर्षांत गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलच्या समुद्राकाठी हलवला. रिकामा बंगला पडून राहिला आणि १८९९ साली त्यात प्लेगची प्रयोगशाळा आली. तीच आजची हाफकिन संस्था. साहेब रोगाला भिऊन निघून गेला आणि रोगाचा अभ्यास करणारे त्याच्या दिवाणखान्यात येऊन बसले. परळच्या इतिहासातला याहून बोलका प्रसंग मला तरी माहीत नाही.

प्लेगची सुरुवात गिरणगावात झाली नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मांडवीतला एक रोगी तपासला आणि हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच, असे निदान केले. मांडवी गोदीला लागून, धान्याच्या वखारींनी भरलेली. उंदरांना यापेक्षा चांगली जागा कुठली? अधिकाऱ्यांनी आधी निदानावर शंका घेतली आणि मग एकदम उलट टोक गाठले. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले, घरे चुन्याने धुतली, उजेड आत यावा म्हणून कौले काढली. मनुष्यवस्तीला नालायक ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरे रंगवली. गटारे अशी धुतल्यामुळे त्यांतले उंदीर शेजारच्या घरांत पळाले आणि रोगाला वाटच मिळाली, असे नंतरच्या काही अभ्यासकांचे मत आहे. तेव्हा मात्र रोग घाणीत आणि जमिनीत असतो, हीच समजूत घट्ट होती.

लोकांना भीती रोगाहून इस्पितळाची जास्त होती. आर्थर रोडला म्युनिसिपालिटीचे साथीच्या रोगांचे इस्पितळ १८९२ पासून होते, आजचे कस्तुरबा. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, ही बोलवा चाळीचाळीत पोचली होती आणि ती अगदीच खोटी नव्हती, कारण रोगी तिथे पोचायचा तोच शेवटच्या घटका मोजत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला, झडत्यांना आणि कारंटीनला बळ मिळाले. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात एका जुलाहा, म्हणजे मुसलमान विणकर, घरातल्या आजारी मुलीला न्यायला आलेल्या पथकाला मोहल्ल्याने अडवले आणि त्यातून मोठा दंगा पेटला. पुण्यातली रँडची कारकीर्द आणि तिचा शेवट मराठी वाचकाला पाठ असतो, मुंबईतले हे दोन दिवस सहसा कुणाला आठवत नाहीत. सरकारला मात्र ते आठवत राहिले. जबरदस्तीने वेगळे काढायचे धोरण त्यानंतर ढिले झाले आणि भर टोचण्यावर आला.

टोचायची लस मुंबईतच तयार झाली होती. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत कामाला लागले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ आली तेव्हा कैद्यांवर तिची चाचणी झाली.

तोवर अर्धे शहर रिकामे झाले होते. बोटी कोकणात आणि गाड्या घाटावर भरभरून चालल्या होत्या. गिरण्या बंद पडायची पाळी आली, मालकांनी रोजच्या रोज मजुरी द्यायला सुरुवात केली, तरी माणसे थांबेनात. ही पळापळ अडाणीपणाची मानली गेली. खेड्यातल्या माणसाला मात्र एक गोष्ट ठाऊक होती: घरात उंदीर पडला की घर सोडायचे आणि माळावर झोपडी घालायची. शास्त्राला तिथवर पोचायला आणखी काही वर्षे लागली. कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ सालीच उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले होते, पण कुणी मनावर घेतले नाही. पुढे ग्लेन लिस्टन यांनी मुंबईत त्याचा पाठपुरावा केला. प्लेगच्या घरात त्यांनी गिनीपिग मोकळे सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या आणि काही गिनीपिग प्लेगने मेले. १९०५ पासून प्लेग आयोगाने परळला खास कोठ्या बांधून हेच पुन्हापुन्हा पडताळले. आधी उंदीर मरतात, साधारण दोन आठवड्यांनी माणसे. म्हणजे घाणीहून महत्त्वाचा उंदीर, आणि उंदीर राहतो कौलांत, धान्याच्या पोत्यांत, माणसाच्या उशाशी.

पण शहर सुधारायचा मार्ग त्याआधीच ठरून गेला होता. नोव्हेंबर १८९८ मध्ये बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट कामाला लागला तो जागा रोगट असतात या विश्वासावर. नागपाडा, मांडवी-कोळीवाडा अशा दाट वस्त्या पाडायच्या, मधून रुंद रस्ते काढायचे, समुद्राचा वारा आत घ्यायचा. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्यातूनच आले. चांगले रस्ते आहेत, आजही उपयोगी पडतात. पण ज्यांची घरे पाडली त्यांचे काय? ट्रस्टच्या चाळी उशिरा आणि अपुऱ्या बांधल्या गेल्या. पाडलेल्या घरातला माणूस कामापासून दूर जाऊ शकत नव्हता आणि जास्त भाडे भरू शकत नव्हता. तो शेजारच्या गल्लीतल्या आधीच भरलेल्या चाळीत शिरला. दाटी कमी करायला निघालेल्या ट्रस्टने ती फक्त उत्तरेकडे सरकवली. नवे शतक उजाडले तसा प्लेगही मांडवीतून उत्तरेला, नागपाडा, भायखळा, परळच्या बाजूला सरकला.

ट्रस्टमधल्या एका माणसाला मूळ दुखणे कळले होते असे म्हणता येईल. जे. पी. ऑर १९०९ पासून दहा वर्षे अध्यक्ष होते आणि त्यांना साडेत्रेसष्ट अंशांचा ध्यास लागला होता. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले तर नजरेचा कोन एवढ्यापेक्षा जास्त नसावा. सोप्या भाषेत, समोरची भिंत जितकी उंच त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. नियम नव्या बांधकामांत हळूहळू आला. उभ्या असलेल्या चाळींना तो लावायचा तर प्रत्येक मालकाचे गाळे कमी करावे लागले असते, आणि म्युनिसिपालिटीत मते याच मालकांना होती.

मलेरियाची गोष्ट थोडी वेगळी आणि बरीचशी गोदीच्या बाजूची. १९११ च्या बेंटली अहवालाने विहिरींतल्या डासांवर बोट ठेवले, आरोग्यखात्याने विहिरी झाकायचा धडाका लावला, आणि पारशी व हिंदू दोघांनीही धर्माचे पाणी झाकू नका म्हणून तक्रारी केल्या. शेवटी झडपा आणि जाळ्यांवर तडजोड झाली.

१९०५ नंतरच्या दशकात प्लेगचा जोर ओसरत गेला आणि मृत्यूच्या वहीतले दुसरे रकाने वाचले जाऊ लागले. ‘ताप’ या एका शब्दात काहीही बसायचे. त्याच्या शेजारचा श्वसनाच्या विकारांचा रकाना मोठा होत चालला होता. क्षयाला वर्दी लागत नाही, दंगा होत नाही, परदेशातून आयोग येत नाही. दाराखिडक्या बंद असलेल्या विणखात्यात सूत तुटू नये म्हणून वाफ सोडलेली असे, पिंजणखात्यात कापसाची धूळ. तिथून सुटलेला माणूस जिथे झोपायला यायचा ती खोली दहा-पंधरा गाववाल्यांनी मिळून भाड्याने घेतलेली. एका पाळीचा उठला की दुसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. १९२१ च्या शिरगणतीत शहरातले दोन-तृतीयांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होते, खोलीमागे सरासरी चार माणसे.

या खोल्यांची परीक्षा १९१८ मध्ये झाली. १० जून रोजी गोदीवर नेमलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात आले. आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांनी लिहिले की हा रोग रात्री येणाऱ्या चोरासारखा आला. पहिली लाट जुलैत ओसरली. दुसरी सप्टेंबरात आली आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ माणसे मेली. गावाकडे हिला मानमोडी म्हणत. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, युद्धामुळे धान्य महागले होते. ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्या जातींत दर हजारी ६१.६ मृत्यू, इतर हिंदूंत १८.९, युरोपियनांत ८.३. जंतू एकच होता. फरक पडला तो अंगातल्या ताकदीचा, शुश्रूषेचा आणि पुन्हा एकदा खोलीचा. जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा महागाईबरोबर हा हिवाळाही त्यांच्या मागे होता.

त्यानंतर सरकारला घरे सुचली. कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवून डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला काँक्रीटच्या चाळी उभारल्या, त्याच बीडीडी. खोली १६० चौरस फूट. भाडे परवडेना आणि घरे आवडेनात, म्हणून वरळीच्या कित्येक खोल्या आधी ओसच होत्या. १९३० च्या सत्याग्रहात तिथे कैदी ठेवले गेले.

आता तो पहिला आकडा. तो फुगला होता याचे कारण आपल्या माहेरच्या रिवाजात आहे. शहरातला साधारण पाचातला एक माणूस रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला. दिवस भरत आले की बाई बोटीने गावी जायची. बाळाचा जन्म गावच्या वहीत लागायचा. दोन-तीन महिन्यांचे बाळ घेऊन ती खोलीवर परत यायची, आणि ते गेले तर मृत्यू मात्र मुंबईच्या नावावर. शिवाय शहरात झालेले जन्मही पुष्कळ वेळा नोंदवले जात नसत. म्हणून भागाकारात खाली जन्म कमी, वर मृत्यू जास्त. उलट, छातीचा रोग जडलेला कामगार मरायला गावी जायचा आणि मुंबईच्या क्षयाच्या रकान्यातून गळून पडायचा. गिरणगावाचे बाळंतपणाचे इस्पितळ आणि शेवटचा दवाखाना दोन्ही कोकणात आणि घाटावर होते, आणि त्यांचा खर्च कुठल्याच गिरणीच्या वहीत नव्हता.

तरीही सगळे काही नोंदीवर ढकलता येत नाही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची सरकारतर्फे पाहणी केली. कामावर जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आईने बाळाला अफू दिलेली त्यांना आढळली. बाळगोळी. दहा तास मूल निजून राहावे, शेजारणीला त्रास नको. त्या आईला दोष देणे सोपे आहे. पण मूल ठेवायचे कुठे, हे तिला कुणी सांगितले होते? काही गिरण्यांनी पाळणाघरे काढली. परळला १९२६ च्या सुमारास के. ई. एम. आणि वाडिया प्रसूतिगृह उघडले. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, देशातला पहिला, दिवसाला आठ आण्यांचा. मालकांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे बायका कामावर घेणेच आखडते घेणे.

आणि ज्या कामावर राहिल्या त्यांतल्या पुष्कळ जणी सातव्या-आठव्या महिन्यात बोटीचे तिकीट काढत राहिल्या.