नकाशा हळू उघडतोय? नवा सर्व्हर घेण्याआधी इंडेक्स तपासा

नकाशा सरकवला की चक्र फिरत राहतं, आणि पहिला संशय मशीनवर जातो. आम्ही मात्र ग्राहकांना आधी विचारतो: लेयरला (नकाशातल्या माहितीच्या थराला) स्पेशियल इंडेक्स, म्हणजे कोणती आकृती कुठे आहे हे पटकन सांगणारी सूची, आहे का?

तो नसेल, तर स्क्रीनवरच्या चार गल्ल्या दाखवायलाही सॉफ्टवेअर टेबलमधली प्रत्येक ओळ तपासतं. दहा लाख ओळी असल्या तर दहा लाख. इंडेक्समध्ये प्रत्येक आकृतीभोवतीची आयताकृती चौकट आधीच नोंदलेली असते. शेजारच्या चौकटी एका मोठ्या चौकटीत, त्या आणखी मोठीत. मोठी चौकट तुमच्या भागाला शिवत नसेल, तर तिच्या आतलं काहीच पाहावं लागत नाही. ‘आर-ट्री’ नावाची ही रचना अँटोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये मांडली. नकाशाचा डेटा साठवणारा डेटाबेस पोस्टजीआयएस आणि त्यासाठीचा फाइल-प्रकार जिओपॅकेज आजही तिच्याच धर्तीवर चालतात.

पण चौकट जुळली म्हणजे आकृती जुळली असं नाही. खरी सीमा नंतर तपासावी लागते. तिरपी वाहणारी लांब नदी एकाच पॉलिगॉनमध्ये (बंद बहुभुज आकृतीत) असेल, तर तिच्या चौकटीत बहुतेक जागा नदीबाहेरचीच असते. मग नदीपासून कोसभर लांबच्या शोधातही तिचे हजारो बिंदू तपासले जातात. अशा आकृत्यांचे पोस्टजीआयएसच्या ‘एसटी_सबडिव्हाइड’ या फंक्शनने तुकडे करून शोधासाठी वेगळं टेबल ठेवा. आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच आहे.

क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) कशी लिहिली यावरही बरंच अवलंबून असतं. ‘एसटी_डिस्टन्स’ने अंतर काढून ते ५०० मीटरपेक्षा कमी आहे का पाहिलं, तर इंडेक्स असूनही वापरला जात नाही; ‘एसटी_डीविदिन’ तो वापरतं. तसंच प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याची पद्धत) बदलायचं असेल तर शोधबिंदूचं बदला, इंडेक्स असलेल्या कॉलमला हात लावू नका.

भरपूर डेटा एकदम भरायचा असेल तर आधी डेटा, मग इंडेक्स, शेवटी टेबलाची आकडेवारी ताजी करणारी ‘ॲनालाइझ’ आज्ञा.

अख्खा लेयर एकाच वेळी स्क्रीनवर हवा असेल, तर इंडेक्सचा उपयोग नाही, कारण सगळ्याच ओळी लागतात. तिथे सोप्या केलेल्या आकृत्या किंवा टाइल्स (नकाशाचे आधीच बनवलेले चौकोनी तुकडे) लागतील.

पोस्टजीआयएसबद्दल आम्हाला कळवताना क्वेरीसोबत ती प्रत्यक्ष कशी चालली हे दाखवणाऱ्या ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’चा निकालही पाठवा. मोठ्या टेबलापुढे ‘सीक स्कॅन’ (इंडेक्सविना ओळीओळीने तपासणी) दिसला, तर तपास तिथूनच सुरू करू.